मडके कधी उतरवायचे?

मुंबई-पुण्यात पक्ष्यांच्या दुकानातून लव्हबर्ड्सची जोडी घेतली की पिंजरा आणि राळ्याच्या पिशवीबरोबर एक मातीचे मडके बहुधा घरी येतेच. पक्षी जेमतेम आत शिरेल एवढे गोल भोक त्याच्या पोटाला पाडलेले असते आणि तारेने ते पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बांधायचे असते. हे पक्षी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने भरलेले आणि आखूड शेपटीचे. मडक्याबरोबर पिल्लांची अपेक्षाही घरात येते. मुलांना अंडी बघायची असतात, आजीला घरात पिल्ले झाली की शुभ वाटते, आणि पिल्ले विकून दाण्यापाण्याचा खर्च निघेल असा हिशेबही कुणाच्या मनात असतो. मडके कसे बांधायचे हे सगळेच सांगतात. ते कधी उतरवायचे, हे क्वचितच कुणी सांगते. घरगुती पक्षीपालनातली बरीचशी दुःखे या न सांगितलेल्या गोष्टीतून निघतात.

बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला भटका पक्षी. तिथे पाऊस ठरलेल्या महिन्यात येईल याची शाश्वती नसते. म्हणून थवे दाण्यापाण्याच्या शोधात फिरत राहतात. पाऊस होऊन गवताला दाणे धरले की झाडांच्या ढोल्यांत अंडी घालायची, दाणा आहे तोवर एकामागून एक विणी काढायच्या, आणि दाणा संपला, पाणी आटले की थांबायचे, असा त्यांचा रिवाज. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षीअभ्यासकाने जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि पुढच्या काही वर्षांतच युरोपातल्या पिंजऱ्यांत त्यांची पैदास सुरू झाली. इतक्या सहज ती सुरू झाली याचे कारण या रिवाजातच आहे. पिंजऱ्यात वाटी कायम भरलेली, पाणी रोज ताजे, ढोलीच्या जागी मडके, आणि बाजूला दुसऱ्या जोडीचा अखंड किलबिलाट. बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने 1960च्या दशकात दाखवून दिले होते की बजरीगर नराची विशिष्ट गुणगुण ऐकूनच मादीच्या अंडाशयाची वाढ सुरू होते. एकटी जोडी वर्षभर ढिम्म बसते आणि शेजारी दुसरी जोडी आणल्यावर पंधरवड्यात मडक्यात शिरते, त्यामागे हेच असते.

म्हणजे पक्ष्याच्या शरीराला पाऊस पडून गेल्याची वर्दी रोज मिळत राहते. थांबायची खूण तेवढी कुठूनच येत नाही. रानात दुष्काळ ती खूण देतो; घरात तो दुष्काळ माणसालाच आणावा लागतो. अंडी घालणे आणि उबवणे हे पक्षी कुणी न शिकवता करतात. पाळणाऱ्याचे खरे काम त्यांना वेळेवर थांबवण्याचे आहे, आणि पैदास करणाऱ्याची पारखही त्यावरूनच व्हावी.

थांबवणे का आवश्यक आहे, हे मडक्यात डोकावले की कळते. मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि बहुधा पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. सुमारे अठरा दिवसांनी पहिले पिल्लू बाहेर येते, मग एक दिवसाआड पुढची. त्यामुळे एकाच मडक्यात थोरल्याच्या पाठीवर पिसांचे खुंट फुटलेले असतात, डोळे उघडलेले असतात, आणि त्याच्याच पोटाखाली कालचे पिल्लू पडलेले असते: नागडे, आंधळे, दोन ग्रॅम वजनाचे, मान उचलायचीही ताकद नसलेले. तरीही धाकटे जगते, कारण आई त्याला शोधून भरवते. लहानग्यांना ती पोटात तयार होणारा दाटसर प्रथिनयुक्त स्राव देते आणि मोठ्यांना अर्धवट मऊ झालेले दाणे. अभ्यासकांनी असेही पाहिले आहे की नर जास्त गलका करणाऱ्या पिल्लाला भरवतो, तर मादी लहानग्याकडे लक्ष देते. पाचव्या आठवड्यात पिल्ले मडक्याबाहेर पडतात तेव्हा ती जवळपास आईएवढी, तीसेक ग्रॅमची झालेली असतात. पाच पिल्लांचे हे पंधरापट वजन बहुतांशी एका तीस-पस्तीस ग्रॅमच्या मादीने आपल्या चोचीतून चढवलेले असते.

त्याआधी तिने पाच-सहा कवचांचे कॅल्शियमही अंगातून काढून दिलेले असते. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर ते भरून निघत नाही. दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवावा लागतो, शेवग्याचा पाला द्यावा लागतो, आणि ते कॅल्शियम अंगी लागावे म्हणून कोवळे ऊनही लागते. काचेच्या बंद खिडकीतून आलेले ऊन त्यासाठी निरुपयोगी, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. बंद गॅलरीतल्या पिंजऱ्यात चकचकीत उजेड असूनही मादीची हाडे ठिसूळ होत जातात ती अशी. मग एक दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसते, शेपटी श्वासाबरोबर खालीवर होत राहते, पोट तटतटलेले दिसते. अंडे अडकले आहे. हाताशी काही तासच असतात. उबदार जागा आणि पक्ष्यांचा डॉक्टर, या दोन गोष्टी तेव्हा लागतात. मुंबईत परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे, मोठ्या शहरांत पक्षी बघणारे मोजके डॉक्टर आहेत. तालुक्याच्या गावी गाई-म्हशींचा डॉक्टर तीस ग्रॅमच्या पक्ष्याला सुई कुठे टोचणार? मडके बांधण्याआधी डॉक्टरचा नंबर शोधून ठेवावा, हा सल्ला म्हणूनच सगळ्यात आधी द्यायला हवा.

मडके तसेच राहिले तर काय होते? पहिली पिल्ले उडायच्या आतच मादी पुढची अंडी घालू लागते. आत अजून बसलेली पिल्ले आता तिला अडचण वाटतात. ती त्यांच्या पाठीची, डोक्याची पिसे उपटते, कधी चोचीने रक्तबंबाळ करते. नवख्या पाळणाऱ्याला वाटते, मादी वाईट निघाली. मादीत काही वाईट नसते. तिच्या शरीराला पुढचा हंगाम दिसतो आहे आणि जागा एकच आहे. जाणकार पाळणारे म्हणून वर्षाला दोन विणींवर थांबतात. दुसऱ्या विणीची पिल्ले स्वतः दाणे फोडू लागली की मडके काढायचे, उकडलेले अंडे आणि मोड आलेली मटकी असा पौष्टिक खुराक कमी करून नेहमीच्या दाण्यापाल्यावर आणायचे, दिव्याचा उजेड कमी करून रात्र लांबवायची, आणि तरीही जोडी ऐकत नसेल तर नर-मादी वेगळे करायचे. आपल्याकडे हंगाम निवडणेही सोपे आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या मडक्यात पिल्ले गुदमरतात, कोकणातल्या आषाढात मडक्यातल्या ओल्या तुसाला बुरशी येते. गणपती झाल्यावर मडके बांधावे आणि उन्हे चढायच्या आत उतरवावे, हे बरे.

मातीच्या मडक्याचा एक दोषही सांगायला हवा. त्याचा गोलाकार तळ उत्तम, कारण सपाट गुळगुळीत लाकडावर वाढणाऱ्या पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि कायमचे अधू होतात. पण मडके उघडता येत नाही. रोज आत पाहता आले नाही तर मेलेले पिल्लू कळत नाही, चोचीच्या आत सुकून बसलेले अन्न दिसत नाही, नखांभोवती घट्ट झालेली विष्ठा काढता येत नाही. वर झाकण आणि तळाला खोलगट फळी असलेली लाकडी पेटी त्यापेक्षा चांगली. अंड्यात जीव आहे की नाही हेही मग पाहता येते. सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे अलगद धरले तर कवचाआड लाल बारीक शिरांचे जाळे आणि मध्ये एक धडधडता ठिपका दिसतो. लहान मुलांना दाखवावे असे याहून दुसरे दृश्य घरात सापडणार नाही.

आता थोडा हिशेब. एका जोडीने वर्षात दोन विणी काढल्या आणि प्रत्येकी चार पिल्ले जगली, तर वर्षअखेर दोनाचे दहा झाले. ती सगळी जोड्यांनी पुढे त्याच वेगाने वाढली, तर दुसऱ्या वर्षाअखेर पन्नास आणि तिसऱ्या वर्षाअखेर अडीचशे. प्रत्यक्षात काही मरतात, काही जोड्या जमत नाहीत, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. दोन खोल्यांच्या घरात या दिशेने जाऊन चालत नाही. मग पक्षी नातेवाइकांकडे जातात, ओळखीत वाटले जातात, पडत्या भावात दुकानात परत जातात. आणि जे कुठेच जात नाहीत, त्यांच्यासाठी खिडकी उघडली जाते.

‘मोकळे सोडले’ हे शब्द पुण्यकर्माच्या भावनेने उच्चारले जातात, म्हणून त्यांना स्पष्ट विरोध केला पाहिजे. पिंजऱ्यात कित्येक पिढ्या काढलेल्या पिवळ्या-निळ्या बजरीगरला आपल्याकडचा दाणा ओळखता येत नाही, पाणी शोधता येत नाही, शिक्रा म्हणजे काय हे ठाऊक नसते. कावळे पहिल्याच दिवशी त्याच्या मागे लागतात. ती सुटका नव्हे, आपल्या नजरेआड घडवलेला मृत्यू आहे. आणि चुकून एखादी जात तगलीच तर तिचे दुसरे दुखणे. आपलाच कंठवाला पोपट युरोपात पाळीव पक्षी म्हणून गेला, पिंजऱ्यांतून सुटला, आणि आज लंडनच्या बागांतून त्याचे मोठमोठे थवे फिरतात. ढोल्यांसाठी स्थानिक पक्ष्यांशी त्याची स्पर्धा हा तिथल्या अभ्यासकांच्या काळजीचा विषय आहे.

पैदाशीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो हलका नाही. पक्ष्याला मातृत्व हवे असते. मडके काढून घेणे, अंडी उचलणे ही क्रूरता आहे, असे प्रेमाने पाळणारी माणसे मनापासून म्हणतात. पण मादीच्या बाबतीत यातले काय खरे? तिला ओढ असते ती हंगाम आला की घरटे धरण्याची. ती ओढ तिच्या पूर्वजांत जिवंत राहिली ती दुष्काळाच्या लगामासह. लगाम काढून फक्त ओढ शिल्लक ठेवली तर तिच्या हाडांतले कॅल्शियम संपेपर्यंत ती अंडी घालत राहते. कॉकाटील या तुरेवाल्या पाळीव पक्ष्याच्या माद्यांमध्ये हे फार दिसते. नर नसतानाही त्या अंड्यामागून अंडे घालतात. अशा वेळी अंडी पटापट उचलणे चुकीचे, कारण घरटे रिकामे दिसले की ती भरून काढायला मादी आणखी घालते. खरी अंडी काढून त्या जागी प्लास्टिकची ठेवली तर ती तीनेक आठवडे बसते, काही उबत नाही हे कळल्यावर स्वतःहून उठते. तिचे बसणे पूर्ण होते, शरीराला विसावा मिळतो, आणि ज्यांना घर नाही अशी पिल्ले जन्मत नाहीत. या उपायात क्रूरता शोधूनही सापडत नाही.

याहून गंभीर प्रश्न आहे पिल्ले आईबापांपासून काढून घेण्याचा. अलीकडे गिऱ्हाईक ‘हँडफीड’ पिल्लू मागते. दोन-तीन आठवड्यांचे, पुरती पिसे न फुटलेले पिल्लू, सोबत पावडरचा डबा आणि सिरिंज. स्वतः भरवले की लळा लागतो, असे सांगून ते विकले जाते. भरवण्याचे मिश्रण साधारण 40 अंश सेल्सिअस असावे लागते. मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे कोमट, कुठे उकळते राहते. त्यातला एक गरम घोट गळ्याखालची अन्नपिशवी भाजून काढतो, आणि काही दिवसांनी त्या जागी भोक पडून भरवलेले छातीवरून ओघळू लागते. गार दिले तर ते पिशवीतच आंबते. सिरिंज जरा जोरात दाबली तर श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसात संसर्ग होतो. जन्मापासून पक्षी हाताळलेल्या माणसालाही हे काम जपून करावे लागते. ते शाळकरी मुलाच्या हाती सोपवणाऱ्या विक्रेत्याला पिल्लाच्या जिवाची काळजी आहे, असे म्हणता येणार नाही.

लळ्याचा दावाही तपासून घ्यायला हवा. जर्मन अभ्यासक क्लाउस इमेलमान यांनी झेब्रा फिंचची नरपिल्ले बंगाली फिंचच्या जोड्यांकडे वाढवली होती. मोठी झाल्यावर ती आपल्या जातीच्या मादीला सोडून बंगाली फिंचच्या मादीपुढे गाऊ लागली. कोवळ्या वयात जे भरवते त्याचा ठसा जोडीदाराच्या निवडीवर उमटतो. एकट्याने माणसाच्या हातावर वाढलेला पक्षीही असाच माणसाला जोडीदार समजू लागतो, आणि तो माणूस सकाळी नऊला कामावर निघून गेला की दिवसभर ओरडतो, स्वतःची पिसे उपटतो. लळा हवाच असेल तर त्याला दुसरी, साधी वाट आहे. तीन आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू रोज दहा-पंधरा मिनिटे तळहातावर घ्यावे, बोलावे, आणि परत आईकडे ठेवावे. ती त्याला भरवत राहते, भावंडांकडून ते पक्ष्यासारखे वागायला शिकते, आणि माणसाच्या हाताची भीतीही जाते. यात डबा आणि सिरिंज विकली जात नाही, एवढाच काय तो तोटा.

रंगांच्या हौसेचेही असेच. रानातला बजरीगर हिरवा-पिवळा, पाठीवर काळ्या रेघांचा. निळा, पांढरा, पिवळा हे पिंजऱ्यातले बदल, आणि ते टिकवण्यासाठी नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या जातात. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली जोडी पुष्कळदा बहीणभावाची असते, आणि घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग नसतो. पिवळ्या-पांढऱ्या ल्युटिनो कॉकाटीलच्या तुऱ्यामागचे टक्कल बाजारात इतके नेहमीचे झाले आहे की नव्या माणसाला ते त्या जातीचे लक्षणच वाटते. तो दोष आहे, पिढ्यान्‌पिढ्या वारशाने आलेला. प्रदर्शनाच्या थोराड बजरीगरांमध्ये अधूनमधून असे पिल्लू निघते की ज्याची पिसे वाढायची थांबतच नाहीत. त्याला नीट दिसत नाही, उडता येत नाही, आणि बहुधा ते वर्षभरही जगत नाही. पायातली बंद कडी आणि वहीतली नोंद हा यावरचा साधा उपाय. पिल्लू पाच ते दहा दिवसांचे असतानाच कडी पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो. त्या कडीच्या क्रमांकाने आईबाप, तारीख, वीण हे सगळे लिहून ठेवता येते. ज्याला ही वही ठेवायचा कंटाळा, त्याने जोडी लावू नये.

पिंजऱ्यातली पैदास रानातले पक्षी वाचवते, हा दावा अर्धा खरा आहे आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. ब्राझीलचा निळा स्पिक्स मकाव रानातून 2000च्या सुमारास नाहीसा झाला होता. बंदिवासात वाढवलेले काही पक्षी 2022 मध्ये पुन्हा रानात सोडता आले. पण त्यामागे प्रत्येक पक्ष्याची वंशावळ, आनुवंशिक तपासणी आणि अनेक वर्षांची शिस्त होती. गॅलरीतल्या पिंजऱ्याला त्या कामाचा हवाला देता येत नाही. घरगुती पैदाशीचा खरा उपयोग वेगळा आहे. ढोलीतून काढून आणलेल्या पहाडी पोपटाच्या पिल्लापेक्षा पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगर घेणे निश्चितच बरे. पोपट, मैना, मुनिया हे आपले रानपक्षी पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे, तरी पोपटाची पिल्ले चोरून विकली जातात. त्यांचे गिऱ्हाईक एकाने जरी कमी झाले, तरी एक ढोली वाचते.

कायदा परदेशी पक्ष्यांबाबतही आता गप्प नाही. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार-कराराच्या यादीतल्या प्राण्यापक्ष्यांसाठी नवे चौथे परिशिष्ट आले, आणि 2024 च्या नियमांनुसार त्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळ्याची. बजरीगर, कॉकाटील आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत. सन कॉन्युअर हा पोपट त्या यादीत आहे. आफ्रिकन ग्रे पोपट तर सर्वांत कडक गटात आहे आणि त्याच्या पैदाशीला परवाना लागतो. घरात पिल्लू जन्मले हा आता त्या पक्ष्यांपुरता खासगी आनंद राहिलेला नाही. काही पाळणाऱ्यांना ही कटकट वाटते. पण ज्या नोंदी जबाबदार माणूस एरवीही वहीत ठेवतो, त्याच सरकार मागते आहे.

घरातल्या माणसांचाही विचार यातच येतो. 1929-30 मध्ये अर्जेंटिनातून गेलेल्या पोपटांमुळे सिटॅकोसिस हा न्यूमोनियासारखा आजार अनेक देशांत पसरला आणि अमेरिकेला पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. त्याचा जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो. म्हणून पिंजऱ्याचा तळ कोरडा झाडू नये, ओला करून पुसावा. पिल्लांच्या हंगामात घाण दुप्पट होते. दमेकरी माणसाच्या खोलीत तो पिंजरा असूच नये. पक्ष्यांनाही घरापासून जपावे लागते: नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याचा धूर शेजारच्या खोलीतल्या पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो.

आणि वीण संपलेल्या पक्ष्यांचे काय? चार-पाच वर्षांची थकलेली मादी ‘चालू जोडी’ म्हणून नव्या माणसाला विकण्याची पद्धत आहे, आणि तो माणूस पुन्हा तिला मडके बांधून देतो. बजरीगर चांगल्या घरात आठ-दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस. म्हणजे पक्ष्याचे निम्मे आयुष्य तरी पैदाशीनंतरचे असते. ज्या घरात जोडी लावायची, तिथे निवृत्त पक्ष्यांसाठी उडता येईल एवढा लांब पिंजरा आधीच हवा. त्यात मडके नको, पेटी नको, बांबूचे नळकांडेही नको. नुसते नर एकत्र ठेवले तर ते दिवसभर एकमेकांना भरवत, बडबडत मजेत राहतात. माद्या मात्र भांडतात, त्यांना जागा जास्त लागते. विकलेले पिल्लू दोन वर्षांनी कुणी परत आणले तर त्यालाही याच पिंजऱ्यात जागा मिळायला हवी, आणि पक्षी देतानाच घेणाऱ्याला तसे सांगून ठेवावे.